झाकली मूठ आणि हातातला फोन

मी कमी बोलणारा माणूस. पारावर चारजण बसलेले दिसले की मी बांधाच्या वाटेनं शेत गाठतो. लग्नकार्यात सगळ्यात मागं उभा राहतो आणि फोटोची वेळ आली की आणखी मागं सरकतो. घरची मंडळी म्हणतात, "ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढायची. गळ टाकत बसावं लागतं."

असा माणूस व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर आहे, हे आमच्या औसा तालुक्यातल्या गावात अजूनही काहींना खरं वाटत नाही. पण गेल्या पाच-सहा वर्षांत हे घडलं. त्यात फायदा झाला, फसता फसता वाचलो, एकदा वैतागून बाहेर पडलो आणि पुन्हा आत आलो. माझ्यासारखे बुजरे शेतकरी लातूर-नांदेडकडं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी, आणि गावचे ग्रुप चालवणारे सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींसाठी हा अनुभव लिहितो आहे.

फोटोची भीती कुठून आली?

माझं आजोळ किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आदल्या रात्रीच गणपती बोळवले होते. आमच्या घराच्या भिंती तडकल्या, माणसं वाचली. आजोळी काय झालं ते कळायला मात्र काही मार्ग नव्हता. गावात फोन एकच, तोही बंद. वडील आणि मी सायकलवर निघालो. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामा-मामी मातीच्या ढिगाऱ्याखालीच गेले होते.

आई मागून ट्रॅक्टरवर आली. ती त्या ढिगाऱ्यापुढं बसली असताना कुणीतरी तिचा फोटो काढला. तीन-चार दिवसांनी तो छापून आला. डोईचा पदर ढळलेला, तोंड उघडं. खाली नाव नव्हतं, पण आमच्या पंचक्रोशीत नावाची गरज नव्हती. पुढं कितीतरी वर्षं बाजारात, लग्नात कुणीतरी म्हणायचं, "ह्याच का त्या फोटोतल्या?" आई काही बोलायची नाही. पदर पुढं ओढून घ्यायची.

फोटो काढणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. तसले फोटो पाहूनच देशभरातून मदत आली, हेही खरं. पण आईला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून कॅमेरा दिसला की माझं अंग आकसतं.

फोन घरात आला

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि धाकट्या मुलीच्या अभ्यासासाठी मोठा फोन घ्यावा लागला. पुतण्यानं त्यात व्हॉट्सॲप घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मी तीन ग्रुपांत! एक भावकीचा, एक गावचा, एक सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचा. मला कुणी विचारलं नव्हतं. माझा नंबर मात्र अडीचशे माणसांना दिसत होता.

"अरे, मला न विचारता कसं घातलास?"

"काका, त्यात काय विचारायचंय? सगळेच हायेत की."

सगळेच आहेत, हीच तर माझी अडचण होती. सकाळी उठल्याबरोबर फुलांची चित्रं, दुपारी राजकारण, रात्री कसल्या कसल्या अफवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरली आणि पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढं पाठवण्यावर मर्यादा घातली. असल्या चावडीवर आपण कशाला बसायचं, असं मला वाटे.

दुसरी भीती कंपनीची. फेसबुकनं २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतलं. २०२१ च्या सुरवातीला नवीन अटी मान्य करा म्हणून फोनवर सूचना आली तेव्हा बराच गवगवा झाला. त्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मुलीनं मला समजावलं की २०१६ पासून आपला मजकूर कुलूपबंद होऊन जातो, तो कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कुणाशी किती वेळा बोलतो एवढं तिला कळतं. म्हणजे पत्र फोडलं जात नाही, पाकिटावरचा पत्ता मात्र दिसतो.

दोन वर्षं मी नुसता वाचत राहिलो. प्रोफाईलला माझ्याऐवजी आमच्या देवणी खोंडाचा फोटो लावला. फेसबुकवरही तोच.

गोगलगायीनं तोंड उघडायला लावलं

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीनवर गोगलगायी आल्या, ते शेतकऱ्यांना सांगायला नको. दिवसा काही दिसायचं नाही. सकाळी रानात जावं तर कोवळे कोंब शेंड्यासकट खाल्लेले, तासच्या तास मोकळे. पाच एकरांतलं दीड एकर माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. दुबार पेरायचं तर बियाण्याला पैसा कुठला? रात्री बॅटरी घेऊन गेलो तेव्हा चोर सापडला. एकेका फुटात पाच-सहा गोगलगायी.

पुतण्या म्हणाला, "काका, ग्रुपवर टाका की."

"आपली फजिती कशाला चार लोकांत?"

"पानाचा फोटो टाकायचाय. तुमचा थोडाच टाकायचाय?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच की. मी इतकी वर्षं स्वतःला आणि आपल्या पिकाला एकच समजत होतो. आजार पिकाला झाला होता, लाज मला वाटत होती. थरथरत्या बोटानं गोगलगायीचा आणि खाल्लेल्या कोंबाचा फोटो टाकला. खाली दोन ओळी लिहिल्या: "औसा तालुका. सोयाबीन पंधरा दिवसांचं. काय करावं?"

तासाभरात नऊ उत्तरं आली. दोन निकामी, सात कामाची. ग्रुपात कृषी विद्यापीठात शिकलेली काही मंडळी होती, त्यांनी नीट विचारपूस केली. रान भारी आहे का, बांधाला गवत आहे का, पाणी साचतं का. मग सांगितलं ते असं: बांधाकडेचं गवत आणि पालापाचोळा काढा, त्यांची लपायची जागा तीच. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात जागोजाग अंथरा. सकाळी त्याखाली गोगलगायी जमतात, त्या हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून मारा. बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढा. प्रादुर्भाव जास्त असेल तर मेटाल्डिहाईडच्या गोळ्या एकरी दोन किलो या प्रमाणात टाका, पण कुत्री, कोंबड्या, जनावरं त्या रानात जाऊ देऊ नका.

घरची सगळी माणसं आठ दिवस पहाटे रानात होती. गोगलगायी बादल्यांनी निघाल्या. उरलेलं साडेतीन एकर हाताशी आलं. पुढं पंचनाम्याच्या वेळी तारखेसकट फोटो फोनमध्ये होतेच. त्या वर्षी शासनानं गोगलगायींच्या नुकसानीला मदत दिली, तेव्हा ते फोटो दाखवायला बरे पडले.

हे काही माझ्या एकट्याचं नाही. सांगली जिल्ह्यातले कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'होय आम्ही शेतकरी' हा समूह फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर हेच काम करतो. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात शिवमोग्याला पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. ती उसावरही आल्याची आपल्या राज्यातली पहिली शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत चोरमुले होते. नवी कीड आली की शेतकऱ्याच्या रानातला फोटो जाणकारापर्यंत त्याच दिवशी पोचतो, ही या फोनची खरी कमाई आहे. पूर्वी मेलेली अळी काडीपेटीत घालून तालुक्याला न्यावी लागायची.

यादी आली, मागून फोनही आला

मी जरा धीट झालो होतो. तेवढ्यात एक दिवस गावच्या ग्रुपवर अनुदानाची यादी पडली. नाव, गट नंबर, बँकेचा खाते नंबर, आधार नंबर, सगळं उघडं. माझं नाव मधोमध. टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता. लोकांना चकरा माराव्या लागू नयेत, एवढाच. 'वरून आली, मी पुढं टाकली,' असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "तुमचं अनुदान अडकलंय. खात्याचे शेवटचे आकडे हेच ना? आता आलेला ओटीपी सांगा." आकडे बरोबर होते. नावही बरोबर, गट नंबरही बरोबर. कुणालाही खरंच वाटलं असतं. मी गप्प. तो विचारत राहिला, मी गप्पच. शेवटी त्यानं शिवी दिली आणि फोन ठेवला. कमी बोलण्याचा आयुष्यात पहिल्यांदा रोख फायदा झाला. त्याच यादीतल्या दुसऱ्या एकाचे अकरा हजार मात्र गेले. त्यानं आकडा सांगितला होता.

मला तेव्हा उमगलं की मी उगाच अमेरिकेतल्या कंपनीला भीत होतो. माझी मूठ उघडली ती आपल्याच गावच्या ग्रुपवर, आपल्याच माणसाच्या अंगठ्यानं.

अधिकारी मंडळींनी हे ध्यानात घ्यावं: आधार कायदा २०१६ च्या कलम २९, पोटकलम ४ प्रमाणे कुणाचाही आधार नंबर असा जाहीर करता येत नाही. ग्रुपवर टाकणं हेही जाहीर करणंच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हा हक्क मुंबईच्या माणसाला जेवढा, तेवढाच औशाच्या शेतकऱ्याला.

मी त्या रात्रीच गावच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. सोयाबीनचा ग्रुपही सोडला. भावकीचा तेवढा राहिला, तोही आवाज बंद करून.

मुखेडची रात्र

माझी धाकटी बहीण नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यात दिली आहे. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री त्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ अशी गावं पाण्यात गेली, माणसं दगावली, सुटकेसाठी लष्कर बोलवावं लागलं. सकाळी बातमी कळली आणि माझ्यापुढं १९९३ सालची ती सायकलवरची वाट उभी राहिली. बहिणीचा फोन लागेना. मेहुण्यांचा लागेना.

भावकीचा ग्रुप उघडला. पहाटे पावणेपाचला भाच्यानं लिहिलेलं होतं: "आम्ही सगळे शाळेवर आहोत. आई, बाबा, आजी बरे आहेत. घरात पाणी आहे. बॅटरी संपायलीय, काळजी करू नका."

बत्तीस वर्षांपूर्वी आजोळची खबर कळायला अर्धा दिवस सायकल हाणावी लागली होती. ह्या वेळी ती माझ्या उशाखाली पडून होती आणि मी आवाज बंद करून झोपलो होतो. पोरकं वाटण्याजोगी गोष्ट नव्हती, तरी मी ओसरीवर बसून रडलो.

दुपारी त्याच ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी गावातली एक म्हातारी, गुडघाभर चिखलात, मेलेल्या म्हशीच्या अंगावर हात टाकून आक्रोश करत होती. पदर खांद्यावर नव्हता. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. एकानं लिहिलं होतं, "सगळीकडं पाठवा."

मला ती म्हातारी दिसली नाही, माझी आई दिसली. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या वतीनं कधी कुणाला काही बोललो नव्हतो. त्या दिवशी लिहिलं. माझा त्या ग्रुपवरचा पहिला मजकूर तो:

"हा व्हिडिओ काढा. त्या माउलीला कुणी विचारलंय का? म्हैस मेल्याचा फोटो पंचनाम्याला लागतो, तो तलाठ्याला द्या. तिचं रडणं कुणाला लागत नाही."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्यानं टाकला होता त्यानंच तो काढला आणि लिहिलं, "चुकलं दादा." संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, "तू ग्रुपवर हाईस हेच आम्हाला ठाव नव्हतं."

ढाळज आणि माजघर

आपल्या जुन्या वाड्यांत ढाळज असायची आणि माजघर असायचं. आल्या-गेल्याला ढाळजेत बसायची मुभा, चहापाणी तिथंच, व्यवहार तिथंच. माजघरात कुणी पाय टाकायचा तर आतून हाक यावी लागे. म्हणून काही आपण लोकांना घाबरत होतो असं नाही. कुठली गोष्ट कुठं ठेवायची एवढं ठरलेलं होतं. फोनचंही तसंच करावं, असं मला आता वाटतं.

पीक, कीड, पाऊस, मोंढ्यातला भाव, हरवलेलं जनावर ही ढाळजेतली गोष्ट. ती बेलाशक टाका. सातबारा तर आधीपासूनच चावडीवरचा कागद. आता तो शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, त्याची लाज धरू नका. बँक खातं, आधार, घरातलं आजारपण, कर्ज, मुलीच्या स्थळाची बोलणी आणि बायाबापड्यांचे दुःखातले फोटो हे माजघर. ते आत राहू द्या.

शेतकरी मित्रांनो, मी केलं ते सांगतो. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'त 'ग्रुप' असं लिहिलेलं असतं. तिथं 'माझे संपर्क' निवडलं की अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. प्रोफाईल फोटोही तसाच ओळखीच्यांपुरता ठेवता येतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सहा आकडी पिन घाला आणि तो कुणालाही सांगू नका. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते का, ते विचारा. 'पीएम किसान' किंवा बँकेच्या नावानं शेवटी एपीके लिहिलेली फाईल आली तर ती उघडू नका. त्यातून फोनचा ताबा दुसऱ्याकडं जातो. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. एवढं करूनही फसलात तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

गावच्या अधिकारी मंडळींना हात जोडून विनंती. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची तर नाव आणि रक्कम पुरे, खाते आणि आधारचे रकाने झाकून घ्या. ग्रुपवर "यादी आली आहे, आपापलं नाव येऊन पाहा" एवढं लिहिलं तरी काम भागतं. पंचनाम्याच्या जिओटॅग फोटोवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ते फोटो कार्यालयात पाठवा, गावभर कशाला? आणि कुणी ग्रुप सोडला तर 'फलाना रागावला' म्हणून चर्चा करू नका. त्याला का जावं लागलं ते एकदा विचारा.

आमच्या गावच्या ग्रुपात मी पुन्हा आलो आहे. यादीचा विषय सरपंचांपुढं मी स्वतः काढला. चार वाक्यं बोललो, घाम फुटला. आता यादी येते तेव्हा आकडे झाकून येते. मी अजूनही फारसं लिहीत नाही. महिन्यातून एखादा पानाचा फोटो, कधी पावसाचे मिलिमीटर. प्रोफाईलला खोंडाचाच फोटो आहे आणि मोंढ्यात काही लोक मला 'देवणीवाले' म्हणून हाक मारतात. ते मला चालतं.

परवा बहीण आली होती. पोरांनी सगळ्यांचा मिळून फोटो काढायचं ठरवलं. पुतण्या फोन वर धरून थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, काढू का?"

मी म्हणालो, "काढ. पण घरातच ठेव."